रक्तदाब मोजून पुन्हा आलेल्या ताईंस जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात देणे सहज शक्य होते. तरीही ते जाहीरपणे लिहीत आहे, कारण तुम्ही आमच्या आईसाठी जे केले ते इतर आरोग्यसेविकांनी आणि खेड्यापाड्यांत राहणाऱ्या आईवडिलांच्या मुलामुलींनी वाचावे असे मला मनापासून वाटते. आभार एका नेमक्या गोष्टीचे आहेत. आमच्याकडे रक्तदाब मोजणारे यापूर्वीही येऊन गेले होते. मोजल्यानंतर पुन्हा आलेल्या तुम्ही पहिल्याच.

तुमच्या आधी एका तपासणी शिबिरात आईच्या दंडाला पट्टा बांधला गेला होता. रांगेतून पुढे आल्या आल्या तिला स्टुलावर बसवले, बाहीवरूनच पट्टा गुंडाळला, चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि ‘डॉक्टरांना दाखवून घ्या’ असे सांगून पुढच्या माणसाला बोलावले. कोणत्या डॉक्टरांना, किती दिवसांत आणि कशासाठी दाखवायचे, हे सांगायला कोणालाच वेळ नव्हता. आईला काही दुखत नव्हते, शेतातले काम अडत नव्हते, आणि ज्या आजाराने काम अडत नाही त्याच्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून शहरातला दवाखाना गाठायचा, हे तिला पटणे शक्यच नव्हते. यात तिचे अज्ञान होते असे मी मानत नाही. आकड्याचा अर्थ तिला कोणी सांगितलाच नव्हता.

तुम्ही आलात तेव्हा आधी तिला खुर्चीत टेकून बसायला सांगितलेत. दोन्ही पावले जमिनीवर, पायावर पाय नाही, दंड उघडा, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला. नुकताच चहा किंवा तंबाखू झाली आहे का आणि लघवीला जाऊन यायचे आहे का, हेही विचारलेत. मग पाच मिनिटे तुम्हीही बोलला नाहीत आणि आम्हालाही बोलू दिले नाहीत. पहिला आकडा घेतल्यावर मिनिटभर थांबून दुसरा घेतलात, दुसऱ्या हाताचाही पाहिलात, आणि तरीही ‘मावशी, आज मी तुम्हाला बीपी आहे असे म्हणणार नाही, पुढच्या आठवड्यात येऊन पुन्हा बघते,’ एवढेच म्हणालात. हात खाली लोंबकळत असेल, पट्टा दंडाच्या मानाने लहान असेल किंवा माणूस बोलत असेल तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, हे तुम्ही मला त्या वेळी समजावून सांगितलेत. ज्या माणसाला आयुष्यभराची गोळी सुरू करायची आहे, त्याला निदान आकडा तरी खरा मिळाला पाहिजे, ही तुमची काळजी मला फार मोलाची वाटते. पुढच्या भेटींतही वरचा आकडा १६० च्या खाली आला नाही, तेव्हाच तुम्ही आईला डॉक्टरांकडे नेलेत.

वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० अथवा त्याहून अधिक राहिला तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अहवालानुसार जगात ३० ते ७९ वयाच्या सुमारे १३० कोटी लोकांना हा आजार आहे. त्यांतील जवळजवळ निम्म्यांना त्याची कल्पनाच नाही, आणि दर पाचांपैकी चौघांवर पुरेसे उपचार होत नाहीत. हे वाचल्यावर मला माझे काका आठवले. पक्षाघाताने त्यांची एक बाजू गेली आणि बोलणे थांबले, तेव्हा ‘त्यांना बीपीचा त्रास कधीच नव्हता’ असे घरातला प्रत्येक जण सांगत होता. खरे पाहता त्यांचा रक्तदाब कधी कोणी मोजलाच नव्हता. डोके जड झाले, चक्कर आली की बीपी वाढला असे लोक समजतात, पण बहुतेकांना तो वर्षानुवर्षे काहीच जाणवू देत नाही. आतल्या आत तो मेंदूच्या, हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या आणि डोळ्यांच्या रक्तवाहिन्यांवर ताण टाकत राहतो.

ताई, खरी कसोटी गोळी सुरू झाल्यानंतरच लागली. एकदा गोळी लागली की कायमची सवय लागते, असे शेजारपाजारच्यांनी आईच्या मनात भरवले होते. तुम्ही रागावला नाहीत. ‘चष्मा काढल्यावर अंधुक दिसते म्हणून चष्म्याने डोळे बिघडवले असे आपण म्हणतो का, मावशी?’ एवढे विचारून तुम्ही तिला सांगितलेत की, गोळी बंद केल्यावर रक्तदाब पुन्हा चढतो तो सवयीमुळे नव्हे, तर आजार मुळातून गेलेला नसतो म्हणून. पुढच्या भेटीत तुम्ही गोळ्यांची पाकिटे मागून घेतलीत आणि उरलेल्या गोळ्या मोजल्यात. हिशेबापेक्षा बऱ्याच जास्त उरल्या होत्या. तेव्हा कुठे आईने सांगितले की घोट्यांवर सूज येते म्हणून ती मधूनमधून गोळी टाळते. अॅम्लोडिपिन या तिच्या रक्तदाबाच्या गोळीमुळे काही जणांना अशी सूज येते. तुम्ही ते डॉक्टरांच्या कानावर घातलेत, औषध बदलून मिळाले आणि गोळी नियमित झाली. ‘गोळ्या घेता ना?’ असे नुसते विचारले असते तर आईने ‘हो’च म्हटले असते. उरलेल्या गोळ्या मोजणे आणि त्यामागचे कारण न रागावता काढून घेणे, हे माझ्या मते तुमच्या कामातले सर्वांत कसबी काम आहे.

आणखी एक गोष्ट आम्हाला कोणीच सांगितली नव्हती. दिवसभर वाकून काम करणारी माणसे गुडघ्यांसाठी आणि कंबरेसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खात असतात. त्यांतल्या अनेक गोळ्या, विशेषतः सूज उतरवणाऱ्या, रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडालाही इजा करू शकतात. आईच्या उशाखालची अशी पट्टी तुम्हीच शोधून काढलीत. मिठाचे म्हणाल तर दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा घरातल्या सगळ्यांसाठीच आहे, हे तुमच्यामुळे आम्ही शिकलो. आईला वेगळे अळणी वाढण्याऐवजी आता सगळ्यांचेच मीठ कमी झाले आहे.

तुमच्यासारख्यांचे काम म्हणजे डॉक्टर नसल्यामुळे चालवून घेतलेली तात्पुरती सोय, असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी दोन संशोधने आवर्जून सांगते. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका येथील ग्रामीण भागांत प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी घरोघरी जाऊन रक्तदाब मोजत आणि सल्ला देत, आणि गरज पडेल तेव्हा रुग्णाला डॉक्टरांकडे पाठवत. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, नेहमीच्या उपचारांवर असलेल्या रुग्णांच्या तुलनेत या रुग्णांचा वरचा आकडा दोन वर्षांत सरासरी ५ ने अधिक उतरला. हा ५ चा फरक क्षुल्लक वाटतो, परंतु वरचा आकडा ५ ने उतरला तर हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या गंभीर घटनांचा धोका साधारण १० टक्क्यांनी घटतो. चीनमध्ये ३२६ खेड्यांतील सुमारे ३४ हजार लोकांवर असाच मोठा प्रयोग झाला. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली गावपातळीवरील वैद्यकीय कर्मचाऱ्यांनीच ठरलेल्या पद्धतीने औषधे दिली आणि वाढवली. तीन वर्षांत हृदयविकार, पक्षाघात आणि तत्सम घटना एकतृतीयांशाने कमी झाल्या. गावाच्या जवळचे माणूस, ठरलेली औषधे आणि न चुकता होणारी पुढची भेट एवढ्यावर हे साधले, आणि आमच्या घरीही नेमके तेच घडले.

तुमच्या वहीचा उल्लेख राहून जायला नको. तीत प्रत्येक रुग्णाच्या नावापुढे आकडा, औषध आणि पुढची तारीख असते, आणि तारीख उलटली की तुम्ही स्वतः चौकशीला निघता. दिवसा घरी न सापडणाऱ्या पुरुषांसाठी तुम्ही पहाटे कामाच्या वाटेवर उभ्या राहता, हे मी पाहिले आहे. औषधांचा साठा संपला म्हणून कोणाची गोळी तुटू नये यासाठी तुम्ही वरिष्ठांकडे सतत पाठपुरावा करता, हेही मला ठाऊक आहे. एवढ्या माणसांचा भार एकट्या व्यक्तीवर असावा, हे मला रास्त वाटत नाही. तुम्हाला मदतनीस मिळावा, तुमच्या यंत्राची वेळोवेळी तपासणी व्हावी आणि औषधांचा पुरवठा अखंड राहावा, अशी मागणी करणारे निवेदन आम्ही काही कुटुंबांनी मिळून संबंधित अधिकाऱ्यांना दिले आहे. त्याचे उत्तर येईपर्यंत पाठपुरावा आम्ही करू. तो भार तुमच्यावर नको.

गेल्या भेटीत आईचा रक्तदाब १३२/८० होता. ती आता गोळी चुकवत नाही, आणि शेजारच्या दोन काकूंना तिने स्वतःहून तपासणीसाठी तयार केले आहे. त्यांतल्या एकीचा दंड जाड असल्यामुळे पुढच्या वेळी येताना कृपया मोठा पट्टा आणावा, असा आईचा निरोप आहे. दोघींनाही अर्धा तास आधी चहा घ्यायचा नाही, हे ती आतापासूनच बजावत आहे.

आपली कृतज्ञ,
तुमच्या वहीतल्या एका मावशींची मुलगी