ॲबरिस्टविथच्या आजी आणि स्टेशनवरचे काका, तुमचे आभार

बर्मिंगहॅमला शिकत असताना आम्ही दोघी मैत्रिणी एक दिवस वेल्सच्या किनाऱ्यावर, ॲबरिस्टविथला गेलो होतो. दुपारनंतर वादळ चढत गेलं. कार्डिगनच्या उपसागरातल्या लाटा कठडा ओलांडून थेट रस्त्यावर आदळायला लागल्या. तेवढ्यात समोरच्या घरातल्या आजींनी दार उघडून आम्हाला हाताला धरून आत घेतलं. म्हणाल्या, पाण्याबरोबर गोटेही उडून येतात. खरंच, थोड्या वेळात रस्ताभर गोटे पसरले होते.

आजींनी आमचे मोजे हीटरवर वाळत टाकले, चहा दिला. माझ्या मैत्रिणीची थंडी जाईना, तेव्हा त्यांनी स्वतःच्या अंगातला लोकरी स्वेटर काढून तिला घातला. निघताना ती परत द्यायला लागली, तर वरचं बटण लावून म्हणाल्या, ‘असू दे, बाळा.’

स्टेशनवर कळलं, डव्ही नदीकाठचे रूळ पाण्याखाली, गाड्या बंद. तिथल्या काकांची ड्यूटी संपली होती, तरी ते थांबले. श्रूजबरीपर्यंत टॅक्सीची सोय केली, पुढच्या गाडीची वेळ कागदावर लिहून दिली आणि ड्रायव्हरला बजावलं, ‘मुली स्टेशनात शिरल्याशिवाय निघायचं नाही.’ तोही थांबला. किती धीर आला, सांगता येत नाही!

तुम्हा तिघांचीही नावं विचारायची राहिली. आमच्याकडून आणि घरी फोनची वाट बघत बसलेल्या आमच्या आईबाबांकडून तुमचे मनापासून आभार.