आमची सही घेतल्याशिवाय शेवटचे बिल काढू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आमच्या दारव्हा तालुक्यातल्या एका गावात जलजीवन मिशनच्या नळयोजनेचे खोदकाम आणि पाइप टाकायचे काम मी पेटीवर, म्हणजे मुख्य कंत्राटदाराकडून उपकंत्राट म्हणून, घेतले होते. हा कंत्राटदार बाहेरच्या जिल्ह्यातला. काळी माती संपली की खाली खडक, त्यामुळे ब्रेकर लावावा लागला. त्याचा वेगळा दर तोंडी ठरला. गावात नळाला पाणी आले, माझे ४ लाख ६० हजार रुपये मात्र आले नाहीत.

मजुरांचे पैसे मी घरची तूर विकून आणि पतसंस्थेचे कर्ज काढून दिले. पोळा तोंडावर होता, त्यांना रिकाम्या हाताने गावी कसे पाठवणार? डिझेलची उधारी अजून माझ्याच नावावर आहे. कंत्राटदार म्हणतो, वरून निधी आला नाही. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात साहेब म्हणतात, तुमचा आमच्याशी करार नाही. मोजमाप घ्यायला आले तेव्हा टेपचे दुसरे टोक यांनीच माझ्या हातात दिले होते.

लेखी परवानगीशिवाय काम दुसऱ्याला देऊ नये, अशी अट निविदेत असते. तरीही खेड्यातली निम्मी कामे आमच्यासारखे कास्तकाराचे पोरच करतात, हे शाखा अभियंत्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. जुलै २०२५मध्ये सांगली जिल्ह्यात जलजीवनचे काम केलेल्या तरुणाने आत्महत्या केली, तेव्हा सरकारकडून सांगण्यात आले की तो उपकंत्राटदार होता, आमच्या नोंदीत त्याचे नाव नाही. ते वाचून मला रात्रभर झोप लागली नाही.

कंत्राटी मजुराची मजुरी थकली तर काम देणाऱ्या मूळ मालकाने ती द्यावी आणि कंत्राटदाराच्या बिलातून कापावी, हे तत्त्व १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून मान्य आहे. ते योग्यच आहे. पेटी कंत्राटदाराला असा आधार नाही. लघुउद्योगांसाठी २००६चा कायदा आहे. त्यात ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण बांधकामाचे कंत्राट त्यात बसत नाही असे उच्च न्यायालयाचे निकाल असल्याचे वकिलांनी मला सांगितले. राहिला दिवाणी दावा. त्याला ३ वर्षांची मुदत आणि पुरावा म्हणून माझी वही, व्हॉट्सॲपवरचे फोटो. माझ्या भावांनो, निदान दर तरी लिहून घ्या, कंत्राटदार ओळखीचा असला तरी.

शासनाकडे माझी मागणी एवढीच आहे. काम सुरू होतानाच पेटी कंत्राटदाराचे नाव आणि ठरलेला दर विभागाने नोंदवून घ्यावा. मुख्य कंत्राटदाराचे शेवटचे बिल आमचे पैसे मिळाल्याच्या सहीशिवाय काढू नये. या योजनेसाठीची कंत्राटदाराची सुरक्षा अनामत रक्कम अजून विभागाकडेच आहे. ती परत करण्याआधी कार्यकारी अभियंत्यांनी कंत्राटदाराला आणि मला समोरासमोर बसवावे.

आपला,
एक पेटी कंत्राटदार
ता. दारव्हा, जि. यवतमाळ