सिंकचा अधिकार एआय एजंटला देऊ नका

सर्व सदस्यांना नमस्कार.

बीड, परभणी, धाराशिवकडून गोळा केलेल्या निजामकालीन मोडी आणि उर्दू दस्तांची स्कॅन आता आपल्या सर्व्हरवर आहेत. फाइलींना नावं द्यायला काही जण एआय एजंट (सांगितलेलं काम संगणकावर स्वतःच पार पाडणारा प्रोग्राम) वापरतात, त्याला हरकत नाही. पण आजपासून एजंटच्या खात्याला मुख्य फोल्डर फक्त वाचता येईल. त्याचं काम ‘आवक’ फोल्डरमध्ये जमा होईल.

कारण असं. आरक्लोन आणि आरसिंक हे दोन जागच्या फाइली सारख्या करणारे प्रोग्राम. आरक्लोनची ‘सिंक’ आज्ञा किंवा आरसिंकचा ‘डिलीट’ पर्याय, मूळ फोल्डरात जे नाही ते दुसऱ्या जागच्या प्रतीतूनही पुसतो. लाइट जाऊन आली, बाहेरची डिस्क जोडलीच गेली नाही, तर मूळ फोल्डर रिकामा दिसतो. माणूस तिथे थबकेल. एजंट सांगितलेलं काम पुरं करून मोकळा होईल. काही घरांतले मूळ कागद वाळवीने संपलेत. आपलं स्कॅन हीच त्यांची शेवटची प्रत आहे.

‘काही पुसू नकोस’ असं एजंटला लिहून सांगणं पुरेसं नाही, परवानगीच काढावी लागते. सिंक माणसानेच करावं. आधी ‘ड्राय रन’ (प्रत्यक्ष काही न बदलता घेतलेली चाचणी) चालवून काय पुसलं जाणार ती यादी गटावर टाका. दुसऱ्या सदस्याने पाहिल्यावरच पुढे जा.

ज्यांनी एजंटला स्वतःचा पासवर्ड दिलाय, त्यांनी तो आज रात्रीच बदलावा, ही कळकळीची विनंती.