अर्धांगवायू झालेल्या हाताला घराजवळ उपचार मिळू द्या

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

देवगड तालुक्यातल्या एका खेड्यातून हे पत्र लिहितो आहे. गेल्या वैशाखात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. घाट चढून कोल्हापूर गाठेपर्यंत ती वेळ टळून गेली होती. जीव वाचला. डिस्चार्जच्या कागदावर लिहून दिलं, 'फिजिओथेरपी चालू ठेवावी.' कुठे, ते लिहिलं नव्हतं.

आमच्याकडे गणपतीच्या वर रानफळं-पानं टांगलेली माटवी दरवर्षी बाबाच बांधत. यंदाही हट्टाने त्यांनी माटवीला बांधायचं रानफळ, कवंडळ, हातात घेतलं. मूठ मिटली, ती उघडेचना. आईने एकेक बोट सोडवलं. घरात कुणी काही बोललं नाही.

डॉक्टरांनी समजावलं, मेंदूचा लगाम सुटला की स्नायू आवळून ताठरतात. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण उरलेला मेंदू त्यांचं काम शिकू शकतो. त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करवून घ्यावी लागते आणि पहिल्या तीन ते सहा महिन्यांत हे शिकणं सर्वांत जोमाने होतं. साहेब, आमचे ते महिने रिक्षात गेले. फिजिओथेरपिस्ट ३५ किलोमीटरवर, जाऊन येऊन अख्खा दिवस, म्हणून आठवड्यातून एकदाच जायचो.

त्याच दिवसांत एकाने सुया टोचून 'एकवीस बैठकांत चालते करतो' म्हणत आगाऊ पैसे घेतले. बाबांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे विचारलंसुद्धा नाही. दंड काळानिळा झाला.

म्हणून ॲक्युपंक्चरच खोटं, असं मी म्हणणार नाही. सुया टोचल्यावर हालचालीशी निगडित मेंदूच्या भागांतलं दळणवळण बदलतं, असं एफएमआरआयच्या, म्हणजे मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनच्या, काही अभ्यासांत दिसलं आहे. ताठरपणा थोडा उतरतो, असंही काही चाचण्या सांगतात. पण अशा सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात बहुतेक चाचण्या लहान आणि कच्च्या निघाल्या. स्कॅनमध्ये बदल दिसला म्हणून मूठ उघडत नाही. आणि सुया टोचून घेतल्या तरी व्यायाम सुटत नाही.

आपल्या राज्यात ॲक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदा आहे, नोंदणी करणारी परिषदही आहे. मग जिल्ह्यात नोंदणी झालेले कोण, त्यांची यादी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात फलकावर लावा. घाबरलेल्या माणसाला नोंदणी तपासायचं सुचत नाही, मलाही सुचलं नव्हतं. ओरोस आणि रत्नागिरीला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करा, एकाला नुसती फिजिओथेरपी, दुसऱ्याला तिच्या जोडीला ॲक्युपंक्चर, आणि कुणाचा हात किती उघडला ते मोजून जाहीर करा. पण हे सगळं नंतर. आधी किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्याचे सहा दिवस फिजिओथेरपिस्ट बसवा आणि वाडीवाडीत जाणाऱ्या आशाताईंना हे व्यायाम शिकवा, त्याचा वेगळा मोबदला देऊन.

बाबा रोज सकाळी पडवीत बसून एका वाटीतल्या सुपाऱ्या दुसऱ्या वाटीत टाकतात. काल चौदा झाल्या. बोटं अडकली तर सोडवायला आई शेजारीच असते.

आपला नम्र,
देवगड तालुक्यातला एक मुलगा