इन्सुलिन, गाडीची किल्ली आणि नव्वदचा आकडा

सातारा
दि. १७ नोव्हेंबर

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. इन्सुलिन सुरू झाले यापेक्षा वहिनींनी गाडीची किल्ली उचलून कपाटात ठेवली, याचेच तुला अधिक वाईट वाटलेले दिसते. कुंभार्ली घाट ज्याच्या अंगवळणी पडला आहे त्याला चिपळूणच्या बाजारापर्यंतही रिक्षाने जावे लागावे, हे मनाला लागणारच. "मधुमेह्याने गाडी चालवावी की नाही, एका वाक्यात कळव," असे तू लिहितोस. एका वाक्यात सांगायचे तर चालवावी. पण तुझी किल्ली अजून महिनाभर वहिनींकडेच राहू दे, असे माझे मत आहे. त्याची कारणे मात्र एका वाक्यात मावणारी नाहीत.

आधी तुला कधी न सांगितलेली एक हकिकत सांगतो. सहा वर्षांपूर्वी पुण्यात हिच्या मावसभावाच्या मुलीचे लग्न होते. सकाळी साडेसातला मिश्र इन्सुलिन घेऊन, नाश्ता करून आम्ही निघालो. मुहूर्त बाराचा होता, पण वरात आलीच सव्वाबाराला आणि पहिली पंगत बसायला दोन वाजले. गर्दी पाहून मी हिला म्हणालो, आपण वाटेत कुठेतरी शांतपणे जेवू. सकाळच्या इन्सुलिनचा संथ भाग नेमका दुपारी जोर धरतो, हे मला ठाऊक होते, पण लग्नघरातून बाहेर पडायच्या घाईत ते मनातून निसटले. शिरवळ मागे पडले आणि ही म्हणाली, "अहो, ओव्हरटेकच्या लेनमधून तीसच्या वेगाने का चालला आहात?" मी तिच्यावर खेकसलो, की मी व्यवस्थित चालवतो आहे. गाडीत एसी चालू असूनही माझी मान घामाने निथळत होती, ते तिने पाहिले. वाद न घालता ती एवढेच म्हणाली, "मला मळमळते आहे, गाडी बाजूला घ्या." मी थांबलो तो तिच्यासाठी, स्वतःसाठी नव्हे. तिने बोट टोचून पाहिले, तर साखर ४८. तिने पाण्यात ग्लुकोज पावडर कालवून मला पाजली. समोर खंबाटकीचा घाट होता. शिरवळपासून तिथपर्यंतचा रस्ता मला आजही आठवत नाही.

हा प्रसंग मी इतकी वर्षे लपवला, कारण त्यात मला माझा निष्काळजीपणा दिसत होता. निष्काळजीपणा होताच, पण खरी गोम त्याहून खोल आहे. मेंदू हा शरीराच्या एकूण उर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा खातो आणि त्याला स्वतःजवळ साखरेचा साठा असा जवळजवळ करता येत नाही. जे रक्तातून येईल त्यावरच त्याचे चालते. रक्तातली साखर ७० च्या खाली उतरू लागली, की सामान्यतः हात कापणे, छातीत धडधडणे, घाम सुटणे, भुकेने कासावीस होणे, अशा सूचना शरीर देऊ लागते. ५४ च्या खाली गेली, की विचार आणि निर्णय दोन्ही गढूळ होतात. म्हणजे "आता गाडी थांबवावी" हे ज्याने ठरवायचे, तोच सर्वांत आधी अधू होतो, आणि वर "मला काही झालेले नाही" अशी ग्वाही देतो. दारू प्यालेल्या माणसाशी याचे साम्य आहे, फरक इतकाच की त्याच्या तोंडाला वास येतो. म्हणून माझा हट्ट असा, की या बाबतीतला निर्णय किल्ली फिरवण्यापूर्वी, डोके शाबूत असताना घ्यायचा. वाटेत बघू म्हणायचे नाही.

आता तुझ्या मुलाने फोनवर जे सांगितले, की "शुगरवाल्यांनी गाडी चालवूच नये", ते मला सरसकट मान्य नाही. भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्या सगळ्यांच्या किल्ल्या काढून घ्यायच्या म्हटले तर निम्मे रस्ते ओस पडतील. (तुमच्या चिपळूणच्या नाक्यावरच्या कोंडीचा विचार करता ती कल्पना अगदीच वाईट नाही, पण ते असो.) केवळ मेटफॉर्मिन किंवा ग्लिप्टिन गटातली गोळी घेणाऱ्याची साखर सहसा धोकादायक उतरत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी ती उतरू शकते आणि इन्सुलिनने तर नक्कीच. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१२ साली या विषयावर एक सविस्तर निवेदन काढले होते. त्यात मधुमेह असलेल्यांचा अपघाताचा धोका इतरांच्या तुलनेत १२ ते १९ टक्के जास्त, असा एकत्रित अंदाज दिला आहे. ही वाढ किरकोळ आहे, पण ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. ज्याची साखर पूर्वी इतकी उतरली, की दुसऱ्याला मदतीला धावावे लागले, त्याच्याकडे त्यातला मोठा वाटा जातो.

तू पत्रात मोठ्या अभिमानाने लिहिले आहेस, की गेल्या खेपेची तुझी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.३ आली, तेव्हा काळजी कसली? इथेच मी तुला अडवतो. २००९ साली टोरांटोच्या संशोधकांनी परवाना खात्याकडे नोंद असलेल्या मधुमेही चालकांची पाहणी केली, तेव्हा अपघात झालेल्यांची एचबीए१सी न झालेल्यांपेक्षा कमी, म्हणजे रूढ अर्थाने अधिक "चांगली" निघाली. आणि तीव्र हायपोचा, म्हणजे साखर धोकादायक उतरण्याचा, पूर्वेतिहास असणाऱ्यांचा धोका सुमारे चौपट होता. तीन महिन्यांची सरासरी उत्तम असूनही रोज दुपारी साखर साठवर येत असेल, तर ती सरासरी घाटातल्या वळणावर तुझ्या काय कामाची? डोळ्यांना आणि मूत्रपिंडांना ती जपेल, स्टिअरिंगला नाही. त्यातून रक्तदाबासाठी तू मेटोप्रोलॉल घेतोस. त्या गटातली औषधे धडधड आणि कंप झाकून टाकतात, घाम मात्र येत राहतो. वारंवार साखर उतरत राहिली तर शरीरही सूचना देणे सोडून देते. म्हणून गोळी परस्पर बंद करू नकोस, पण डॉक्टरांना "मी गाडी चालवतो" हे स्पष्ट शब्दांत सांग. आपण त्यांना जेवणाच्या वेळा सांगतो, झोप सांगतो, आणि हेच नेमके सांगत नाही.

महिनाभर थांब म्हणतो त्याची दोन कारणे आहेत. एक, इन्सुलिनचे युनिट अजून ठरायचे आहेत आणि तुझी साखर कोणत्या प्रहरी उतरते, हे तुझे तुलाच ठाऊक नाही. रोज चार वेळा तपासून वहीत लिहिलेस तर ते कळेल. दुसरे, बरेच दिवस चढलेली साखर खाली येऊ लागली, की डोळ्यातल्या भिंगातले पाणी कमीजास्त होऊन नजर काही आठवडे अंधूक होते. तुला वर्तमानपत्र धूसर दिसू लागले आहे ते बहुधा याचमुळे. एवढ्यात नवा चष्मा करू नकोस, पैसे वाया जातील. पण डोळ्याच्या पडद्याची तपासणी मात्र करून घे. पायांबद्दल तू काही लिहिले नाहीस. ब्रेकचे पेडल तळव्याला नीट जाणवते ना, चप्पल नकळत पायातून निसटत नाही ना, हे प्रामाणिकपणे कळव.

माझा पुतण्या इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो आणि त्याला लहानपणापासून इन्सुलिन आहे. तिकडे इन्सुलिन सुरू झाले, की परवाना खात्याला कळवावेच लागते आणि परवाना एक ते तीन वर्षांचाच मिळतो. निघण्यापूर्वी दोन तासांच्या आत साखर तपासायची आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी पुन्हा. तिकडे साखर वेगळ्या एककात मोजतात; त्यांच्या मापात पाचच्या खाली असेल तर काही खाऊन मग निघायचे, चारच्या खाली असेल तर चालवायचेच नाही. त्यांचा पाच म्हणजे आपला नव्वद. वाटेत साखर उतरलीच, तर गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन बंद करायचे, किल्ली काढायची आणि चालकाच्या सीटवरून उठायचे; साखर पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास थांबायचे, कारण मेंदू रक्ताच्या मागून सावरतो. हा पाऊण तास मला फार पटला. खंबाटकीपाशी आकडा ११० दिसताच मी पुन्हा चाकावर बसायला निघालो होतो. हिने किल्ली पर्समध्ये टाकली.

आपल्याकडे आरटीओच्या नमुना १ मध्ये आपणच आपल्या प्रकृतीची ग्वाही देतो. त्यात मधुमेहाचे नाव नाही, पण अचानक शुद्ध हरपते किंवा घेरी येते का, आणि जनतेला धोका होईल असा अन्य काही आजार आहे का, असे प्रश्न आहेत. मी पूर्वी न वाचताच "नाही, नाही" करत सुटलो होतो. कायद्याने आपल्या वयाच्यांना दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते; पुढच्या खेपेला तो कागद वाचून सही करणार आहे.

आणखी एक, आणि यावर तू चिडशील. तुझी संकष्टी. दिवसभर साबुदाण्यावर राहून, चंद्रोदयाला घरी पोहोचायचे म्हणून गणपतीपुळ्याहून अंधारात गाडी हाणत येण्याचा तुझा नेम आता चालायचा नाही. उपवास कर, डॉक्टरांना विचारून कर, पण त्या दिवशी गाडीला हात लावू नकोस. आणि स्कूटरही गाडीच आहे, हे वहिनींना मी वेगळे कळवले आहे.

साखर मोजायचे मीटर गाडीत ठेवशील, तर उन्हात उभ्या गाडीत स्ट्रिप्स आणि इन्सुलिन दोन्ही खराब होतात, म्हणून ते पिशवीतून सोबत ने आण. पेढा खाल्लेल्या बोटाने तपासलेस तर आकडा खोटा चढतो. आधी हात धू.

पौषात मी चिपळूणला येतो आहे. तोवर वही भर. परत येताना कोयनानगरपर्यंत तू चालव, मी शेजारी मीटर घेऊन बसेन. तिथून पुढे मला एस.टी. मिळेल, आणि तुला घरी न्यायला मुलाला तिथे बोलावून ठेव. सौ. वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंत

ता. क. — तुझ्या गोळ्यांच्या यादीत व्होग्लिबोज दिसली. ती घेणाऱ्याची साखर उतरली असता घरची साखर किंवा चॉकलेट लवकर लागू पडत नाही, कारण साध्या साखरेचे पचनच ती गोळी लांबवते. तुला ग्लुकोजच हवे. साधारण पंधरा ग्रॅम पाण्यातून घ्यायचे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. डॅशबोर्डच्या कप्प्यात ग्लुकोज पावडरचा डबा ठेव आणि नातवंडांना तो कप्पा दाखवू नकोस.