औषधाच्या कागदावरचे ‘एसओएस’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वडिलांना रुग्णालयातून घरी आणले त्या रात्री आई औषधांच्या कागदावर बोट ठेवून रडत बसली होती. दुखणे थांबवायच्या गोळीपुढे ‘एसओएस’ लिहिलेले. बुडत्या जहाजावरून पाठवतात तो संदेश, एवढाच अर्थ तिला ठाऊक. म्हणजे प्रकृती धोक्यात आहे आणि डॉक्टरांनी आपल्याला सांगितले नाही, असे ती धरून चालली. मलाही उलगडा होईना. सकाळी औषधांच्या दुकानात कळले, ते ‘सी ओपुस सिट’ या लॅटिन शब्दांचे लघुरूप आहे. अर्थ : गरज पडली तर. दुखले तर घ्या, नाहीतर नको. पण ती गोळी द्यायचा धीर आम्हाला झाला नव्हता, आणि वडिलांनी रात्रभर कळा सोसल्या.

त्याच कागदावर ‘बीडी’, ‘टीडीएस’, ‘एचएस’ होते. दिवसातून दोनदा, तीनदा, झोपताना. हे लिहायला अशी किती जागा लागली असती? निदानात ‘इडिओपॅथिक’ हा शब्द होता. आम्हाला तो एखादा भयंकर आजारच वाटला. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘कारण कळलेले नाही’ एवढाच. हे मला सर्वांत जास्त लागले. कारण कळले नाही, असे रुग्णाला सरळ सांगण्यात डॉक्टरांना कसला कमीपणा?

परिभाषेवर माझा राग नाही. दोन डॉक्टर आपसात बोलतात तेव्हा एका नेमक्या शब्दात काम होते, तिथे तो हवाच. कागद घरी येतो तेव्हा मात्र वाचणारा बदललेला असतो. आणि ‘इडिओपॅथिक’ हा इंग्रजी शब्द काढून तिथे ‘अज्ञातहेतुक’ घातला, तरी आई तिथेच अडणार.

अमेरिकेत २०१० मध्ये सरकारने लोकांसाठीची कागदपत्रे सोप्या भाषेत लिहावीत असा कायदा झाला. २०२३ मध्ये आयएसओ या संस्थेने सोप्या भाषेचे आंतरराष्ट्रीय मानकही काढले. त्याची कसोटी मला पटते : वाचणाऱ्याला हवे ते सापडले पाहिजे, समजले पाहिजे आणि वापरता आले पाहिजे.

रुग्णालयांना माझी कळकळीची विनंती आहे. घरी द्यायच्या कागदावर प्रत्येक औषधापुढे ते कशासाठी, केव्हा आणि किती, हे लिहा. निघण्यापूर्वी तो कागद घरच्या एखाद्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगा. तो ज्या शब्दापाशी अडखळेल, तो शब्द तिथेच खोडून दुसरा लिहा.

– एक वाचक