पोलवाल्याला खरं कोण सांगतं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. अमेरिकेच्या २००८ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीवरचा तुमचा लेख इथे रिचमंडला बसून नेटवर वाचला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाहीये. ओबामा पोलमध्ये, म्हणजे मतदानाआधीच्या जनमत चाचण्यांत, पुढे असले तरी 'ब्रॅडली इफेक्ट'मुळे, म्हणजे कृष्णवर्णीय उमेदवाराला मत देऊ असं पोलवाल्याला सांगायचं आणि मत मात्र दुसऱ्याला टाकायचं या प्रकारामुळे, ऐनवेळी गोरे मतदार पलटी खाणार, असं त्यात अगदी ठासून लिहिलंय. मी गेला दीड महिना शनिवार-रविवार ओबामांसाठी फोन लावतोय, दारोदार फिरतोय, म्हणून राहवलं नाही.

लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय मेयर टॉम ब्रॅडली १९८२ ला कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाला उभे होते, पोलमध्ये पुढे होते, रात्री एक्झिट पोलनेही त्यांनाच जिंकवलं आणि शेवटी ९३ हजारांच्या आसपास मतांनी पडले. पण त्या दिवशी बूथवर पडलेल्या मतांत ब्रॅडलीच पुढे होते! त्यांना पाडलं पोस्टाने आलेल्या मतांनी, रिपब्लिकन पक्षाने त्यासाठी घरोघरी अर्ज पाठवले होते, आणि एक्झिट पोलवाला बूथच्या दारात उभा, त्याला ही माणसं भेटणार कुठून? मग सगळं खापर खोटं बोलणाऱ्यांवर कशाला फोडायचं?

आता कोणी खोटं बोलतच नाही असंही नाही. आमच्याच व्हर्जिनियात १९८९ ला गव्हर्नरपदाचे कृष्णवर्णीय उमेदवार डग्लस वाइल्डर पोलमध्ये चांगले पुढे होते आणि निवडून आले ते जवळपास १८ लाख मतांत सात हजारांहूनही कमी फरकाने. तेच वाइल्डर पुढे २००५ मध्ये आमच्या शहराचे मेयर झाले. समोर कोण आहे ते बघून माणूस उत्तर देतो, हे मीही अनुभवलंय, पण गोऱ्याच्या दारात नाही. ओळखीचे एक मराठी काका, सिटिझन होऊन वीस वर्षं झाली, माझ्या शर्टावरचा बिल्ला बघून म्हणाले, "अरे ओबामाच, हे काय विचारणं झालं!" चहा पाजला, पाठ थोपटली. त्याच आठवड्यात दिवाळीच्या फराळाला काकूंनी माझ्या बायकोच्या ताटलीत चकली वाढता वाढता सांगितलं की, "हे म्हणतात, काळ्याच्या हातात देश कसा द्यायचा?" मला राग आला नाही, फार वाईट वाटलं. ज्या पेपरात वधू पाहिजेच्या जाहिरातीत 'गोरी' हा शब्द आधी येतो त्या पेपराने वर्णद्वेष फक्त अमेरिकन गोऱ्यांच्या नावावर टाकू नये, ही माझी विनंती आहे.

आणि पोल एकाच बाजूला चुकतात असंही नाही. जानेवारीत डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवण्याच्या मतदानात न्यू हॅम्पशायर राज्यात ओबामा पुढे दिसत होते आणि हिलरी क्लिंटन जिंकल्या, तेव्हा सगळे ब्रॅडली ब्रॅडली करत सुटले. त्याच महिन्यात साउथ कॅरोलायनात ओबामा पोलच्या दुपटीहून जास्त फरकाने जिंकले, त्याचं कोणी नाव काढत नाही.

मंगळवारी सकाळी ६ ला मतदान सुरू होतंय. काकांना हल्ली गाडी चालवता येत नाही, त्यांना बूथवर मीच घेऊन जाणार आहे. येताना कोणाला मत दिलं ते विचारणार नाही, आणि बिल्लाही घरी ठेवून जाईन.

आपला,
एक वाचक, रिचमंड, व्हर्जिनिया